मुंबई अग्निशमन दल: सोसायटीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची इमारत चौदा मजल्यांची आहे आणि गेली सहा वर्षं मी तिचा सेक्रेटरी आहे. वार्षिक सभेत पाण्याच्या बिलानंतर सगळ्यात जास्त वाद फायर सिस्टिमच्या खर्चावरून होतो, आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवावीत म्हणून हे पान. उत्तरं मुंबईपुरती आहेत. कायद्याचा भाग मात्र बहुतांशी सगळ्या महाराष्ट्राला लागू पडतो.

अग्निशमन दल कोणाचं? पोलिसांसारखं राज्य सरकारचं का?

नाही. मुंबई अग्निशमन दल हे महापालिकेचं खातं आहे. रस्ते, गटारं, दवाखाने यांच्यासारखंच. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोग्या कामांची जी यादी आहे, तिच्यात अग्निशमन सेवा आहे. म्हणून पगार पालिकेचा, बंब पालिकेचे आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी पालिका आयुक्तांच्या हाताखाली.

गंमत अशी की सुरुवातीला हे काम पोलिसांकडेच होतं. १८०३ साली फोर्टातल्या बाजारपेठेला मोठी आग लागली, तेव्हा शहराकडे दल असं काही नव्हतंच. पुढे पोलिस आयुक्तांच्या अखत्यारीत घोडागाड्यांचे बंब आले. १ एप्रिल १८८७ ला दल पालिकेकडे गेलं, आणि १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानं आगीपासून जीव आणि मालमत्ता वाचवणं हे पालिकेचं बंधनकारक काम ठरलं. मुख्यालय भायखळ्याला आहे.

राज्य सरकारचा यात काहीच हात नाही असंही नाही. महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय सांताक्रूझला कलिन्यात आहे. त्याचे संचालक सगळ्या राज्याची धोरणं पाहतात आणि फायर सिस्टिम बसवणाऱ्या एजन्सींना परवाने देतात. तुमच्या आमच्या आगीवर मात्र ते येत नाहीत.

ठाण्याचा बंब मुंबईत येतो का? विमानतळाला आग लागली तर?

ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर यांची आपापली दलं आहेत. विमानतळ, बंदर, तेल शुद्धीकरण कारखाने यांचीही स्वतंत्र यंत्रणा असते. मोठी आग असली की सगळे एकमेकांच्या मदतीला जातात. हद्दीवरून भांडण घालत कोणी उभं राहत नाही.

बंबावर कोण कोण असतं? आगीच्या जागी हुकूम कोणाचा चालतो?

फायरमन म्हणजे अग्निशामक, बंब आणि त्याचा पंप चालवणारा यंत्रचालक, फायरमनच्या तुकडीवर प्रमुख अग्निशामक, आणि त्यांच्यावर केंद्र अधिकारी. त्याच्या वर सहायक विभागीय अधिकारी, विभागीय अधिकारी, उपप्रमुख आणि सर्वात वर प्रमुख अग्निशमन अधिकारी.

जागेवर आधी पोहोचलेला अधिकारी कमांड हातात घेतो. त्याच्याहून वरचा आला की ती त्याच्याकडे जाते. नगरसेवक, बिल्डर, चेअरमन, कोणीही असो, पाणी कुठून मारायचं हे तो सांगत नाही. आमच्याकडे एकदा मीटर रूममधून धूर आला, तेव्हा एका सभासदांनी खाली उभं राहून सूचना द्यायला सुरुवात केली होती. अधिकाऱ्यानं एवढंच विचारलं, ‘काका, मेन स्विच कुठे आहे ते माहितीय का?’ त्यांना माहीत नव्हतं.

बातमीत ‘क्रमांक ३ ची वर्दी’ असं येतं. ही वर्दी म्हणजे गणवेश का?

हिंदीमुळे तसं वाटतं. मराठीत वर्दी देणं म्हणजे खबर देणं, आणि दलात आगीच्या कॉलला वर्दीच म्हणतात. क्रमांक जितका मोठा, तितकी जास्त कुमक. क्रमांक १ किरकोळ, क्रमांक ५ सगळ्यात वरचा.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. हा आकडा नुकसानीचा किंवा मृतांचा नसतो. जागेवरचा अधिकारी पाहतो की हातात आहे त्यात भागणार नाही, आणि जास्त बंब, टँकर, शिड्या, वरिष्ठ अधिकारी मागवण्यासाठी क्रमांक वाढवतो. दाट वस्तीतलं लाकडी गोदाम कोणीही जखमी नसताना क्रमांक ४ ला जाऊ शकतं, आणि एका खोलीतल्या क्रमांक १ च्या आगीत धुरानं माणसं जाऊ शकतात.

१०१ लावायचा की ११२?

दोन्ही चालतात. १०१ थेट अग्निशमन नियंत्रण कक्षाला लागतो. ११२ वरून पोलिस आणि इतर मदतही मिळते. पालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा नंबर १९१६.

फोनवर काय सांगता हे जास्त महत्त्वाचं. मुंबईत शिवाजी नगर किती आहेत मोजा. त्यामुळे इमारतीचं नाव, रस्ता, जवळची मोठी खूण आणि स्टेशन पूर्व की पश्चिम हे आधी. मग कितव्या मजल्यावर, काय जळतंय (सिलिंडर, मीटर, गादी, केमिकल), आणि कोणी अडकलंय का. समोरच्यानं फोन ठेवेपर्यंत तुम्ही ठेवू नका. आणि ‘दुसऱ्या कोणीतरी केलाच असेल’ असं समजून गॅलरीतून व्हिडिओ काढत उभे राहू नका. आमच्या त्या मीटर रूमच्या वेळी व्हॉट्सॲप ग्रुपवर अकरा व्हिडिओ आले आणि १०१ ला फोन एक.

आग सोडून दल आणखी काय करतं?

खरं तर आगीइतकाच वेळ याच कामांत जातो. इमारत कोसळली, झाड पडलं, लिफ्ट अडकली, गॅसगळती झाली, रस्त्यावर तेल सांडून दुचाक्या घसरायला लागल्या, विहिरीत किंवा नाल्यात कोणी पडलं, दार आतून लॉक होऊन लहान मूल अडकलं. संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेले पक्षी सोडवायला शिडी लावावी लागते. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा आणि गोराई या चौपाट्यांवरचे जीवरक्षकही दलाच्याच देखरेखीखाली असतात, म्हणून गणपती विसर्जनाला आणि मोठ्या भरतीच्या दिवसांत दलाची माणसं किनाऱ्यावर दिसतात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज हॉटेलच्या खिडक्यांना शिड्या लावून पाहुण्यांना उतरवणारेही हेच. आत गोळीबार चालू होता आणि यांच्या हातात नळी होती.

साप निघाला तर मात्र सर्पमित्राला किंवा वन विभागाला सांगा.

माझ्या घराला आग नाही, शेजाऱ्याच्या आहे. तरी माझं दार तोडू शकतात का?

हो. आगीच्या जागी दलाच्या अधिकाऱ्याला कायद्यानं दिलेले अधिकार बरेच मोठे आहेत. आग विझवायला आणि माणसं वाचवायला गरज असेल तर तो कोणत्याही जागेत शिरू शकतो, दार, भिंत, छप्पर फोडू शकतो, मधलं बांधकाम पाडू शकतो. अडथळा आणणाऱ्या माणसाला हटवू शकतो. रस्ता बंद करू शकतो. आजूबाजूच्या भागाचं पाणी बंद करून आगीच्या जागी दाब वाढवून घेऊ शकतो. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, आणि प्रामाणिकपणे केलेल्या कामाबद्दल नंतर त्याला कोर्टात खेचताही येत नाही.

सभेत एका बाईंचा प्रश्न होता, ‘मग माझं सागवानी दार कोण भरून देणार?’ विमा असेल तर विमा कंपनी. दलानं आग विझवताना केलेलं नुकसान हे आगीनंच झालेलं नुकसान समजावं, अशी तरतूद १८८८ च्या कायद्यातच आहे. म्हणजे तोडलेलं दार आणि पाण्यानं भिजलेला सोफाही आगीच्या दाव्यात मांडता येतो. विमा नसेल तर दाराचा खर्च ज्याचा त्याला.

गेटसमोरच्या गाड्यांचं काय?

दल त्या हटवू शकतं, ओढू शकतं, त्यात ओरखडे पडले तर पडले. पण ओढायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात स्वयंपाकघराची आग हॉलमध्ये येते. इमारतीभोवतीची मोकळी जागा बंब फिरावा म्हणून नकाशात सोडलेली असते, तिच्यावर पिवळे पट्टे मारून पार्किंग वाटणं हा कमिटीचा अधिकार नाही. आम्हीही ते केलं होतं. तीन जागा रद्द करताना तीन घरांशी बोलणं तुटलं, एक अजून तुटलेलंच आहे.

बंबाची शिडी चौदाव्या मजल्यापर्यंत येते ना?

कागदावर येते. दलाकडे ९० मीटरपर्यंत पोहोचणारी हायड्रॉलिक शिडी आहे आणि त्याहून कमी उंचीच्या बऱ्याच आहेत. पण ती गाडी अवजड असते. तिला आत वळायला जागा हवी, पाय पसरून उभं राहायला टणक जमीन हवी, वर विजेच्या किंवा केबलच्या तारा नकोत. आमच्यासारख्या गल्लीत ती नाक्यावरच अडकेल.

म्हणूनच उंच इमारतीची आग खरं तर इमारतीनंच विझवायची असते. बंब येतो तो तुमच्या यंत्रणेला जोडून घ्यायला. जिन्याजवळून वर जाणारा लाल जाड पाइप म्हणजे वेट रायझर. त्यात पाणी कायम भरलेलं आणि पंपाचा दाब तयार असायला हवा, म्हणजे फायरमन खालून नळी ओढत न आणता दहाव्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हला जोडून तिथल्या तिथे पाणी मारतो. तो कोरडा निघाला तर चौदा मजले नळ्या खांद्यावर घेऊन चढायचं. पाठीवर श्वसनयंत्र, अंगावर जाड सूट. श्वसनयंत्रातली हवा मिनिटांच्या हिशेबात असते आणि चढतानाच ती संपायला लागते.

जिन्याची दारं बंद ठेवा, असं आम्ही सारखं सांगतो ते याचसाठी. उघडा जिना म्हणजे धुराची चिमणी. आगीपेक्षा धूर आधी मारतो.

आठव्या मजल्यावरची मोकळी जागा रिकामीच असते. तिथे योगा हॉल करू या का?

नाही. ती रेफ्युज एरिया आहे. मुंबईत उंच इमारतींना साधारण २४ मीटर उंचीनंतर पहिली आणि पुढे दर सात मजल्यांनी अशी जागा सोडावी लागते. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान मुलं खालपर्यंत उतरू शकली नाहीत तर तिथे थांबायचं, आणि दल त्यांना तिथून काढतं. तिला काच लावणं, कुलूप लावणं, जुने सोफे ठेवणं, सगळं बेकायदा. योगा गच्चीत करा.

फायर सिस्टिम चालू ठेवणं दलाचं काम आहे की सोसायटीचं?

सोसायटीचं. सगळ्यात जास्त गैरसमज याच प्रश्नाबद्दल आहे, म्हणून जरा सविस्तर.

कायद्याचं नाव ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’. तो डिसेंबर २००८ पासून लागू आहे. त्यात म्हटलंय की यंत्रणा बसवणं आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची, किंवा मालक मिळत नसेल तर राहणाऱ्याची जबाबदारी. बिल्डरनं ताबा दिल्यावर ती सोसायटीकडे येते. ‘आम्हाला ओसी (इमारत वापरायचा दाखला) मिळालीय, दलाची एनओसी (ना-हरकत दाखला) आहे’ हे उत्तर चालत नाही. एनओसी त्या दिवशी यंत्रणा होती एवढंच सांगते.

मग दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘नमुना ब’ मधलं प्रमाणपत्र घ्यायचं आणि दलाकडे द्यायचं. सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. नवी यंत्रणा बसवल्यावर मिळतो तो ‘नमुना अ’.

आता आमची गोष्ट. मी सेक्रेटरी झालो तेव्हा फाइलमध्ये सहा फॉर्म बी ओळीनं लावलेले होते, सगळ्यांवर शिक्के, सगळं ‘समाधानकारक’. मी सहज पंप रूम उघडायला सांगितली. कुलूप गंजलेलं, करवतीनं कापावं लागलं. म्हणजे किमान दोन पावसाळे त्या खोलीत कोणी गेलं नव्हतं. आत डिझेल पंपाची बॅटरीच नव्हती. ती एजन्सी आम्ही बदलली, पण दोष निम्मा आमचाच. तीन एजन्सींची कोटेशनं आली आणि आम्ही सगळ्यात स्वस्त निवडली होती, तीही कोणी येऊन काय करतं हे न बघता.

आता फॉर्म बी च्या दिवशी कमिटीतला एक जण सोबत असतो. पंप त्याच्यासमोर चालू होतो, चौदाव्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडून पाणी येतं का पाहतात, दाबाचा आकडा वहीत लिहितात. अर्धा दिवस जातो. पहिल्या वेळी चौदाव्यावर जे आलं ते पाणी नव्हतं, चिखल होता.

दलाचे लोक न सांगता तपासणीला येऊ शकतात का?

नेहमीची तपासणी असेल तर तीन तासांची नोटीस देऊन, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात. जिवाला किंवा मालमत्तेला धोका दिसत असेल तर नोटीस न देता, कधीही. वॉचमननं ‘सेक्रेटरी बाहेर गेलेत’ असं सांगून त्यांना अडवणं हा गुन्हा ठरू शकतो.

त्रुटी सापडल्या की लेखी नोटीस येते आणि दुरुस्तीला मुदत मिळते. ती पाळली नाही तर पुढची पायरी कडक आहे. परिस्थिती तातडीच्या धोक्याची वाटली तर जागा रिकामी करायला सांगणं, पोलिसांकरवी रिकामी करवून घेणं, वीज-पाणी तोडायला लावणं, सील ठोकणं. शिवाय खटला, त्यात कैद आणि दंड.

हे अधिकार किती वापरले जातात हा वेगळा प्रश्न. माझं मत विचाराल तर, फार कमी आणि फार उशिरा. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिल परिसरात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागून १४ माणसं गेली. त्यानंतर शहरभर हॉटेलांवर धाडी पडल्या, अनधिकृत शेड तोडल्या गेल्या. ते करायला लागणारा अधिकार आदल्या दिवशीही होताच.

आग लागल्यावर दल कोणाला अटक करतं का?

नाही, तो पोलिसांचा प्रांत. दल आगीचं संभाव्य कारण शोधून अहवाल देतं, पोलिस पंचनामा करतात आणि आकस्मिक जळिताची नोंद करतात. निष्काळजीपणा दिसला तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा दाखल होतो. ‘शॉर्टसर्किट’ हे बातमीतलं कारण बहुतेक वेळा पहिल्या तासातला अंदाज असतो.

आग विझवल्याचे पैसे द्यावे लागतात का?

शहराच्या हद्दीत आग विझवायला किंवा माणूस वाचवायला पैसे मागितले जात नाहीत. कार्यक्रमाला बंब उभा करून हवा असेल तर त्याचं शुल्क आहे. विम्यासाठी आगीचा अहवाल लागतो, तो अर्ज करून घ्यायचा. विमा कंपनी मागेल तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा त्याच आठवड्यात अर्ज टाका.

१४ एप्रिलला बंबांची मिरवणूक का निघते?

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि वर कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. दुपारी आग दिसली, दलाचे लोक चढले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसं मेली, त्यांत दलाचे ६६ जण. म्हणून सगळ्या देशात हा दिवस अग्निशमन सेवा दिन असतो आणि २० तारखेपर्यंत सप्ताह. भायखळ्याच्या मुख्यालयात स्मारक आहे.

दुसरी तारीख कोणी मिरवत नाही, पण दलात विसरलेली नाही. ९ मे २०१५, काळबादेवीची गोकुळ निवास. जुनी, लाकडी सांगाड्याची इमारत आग विझवतानाच खचली. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले, काही त्याच रात्री, काही नंतर रुग्णालयात. शहराच्या दलाचा प्रमुखच आगीत जातो, म्हणजे अधिकारी कुठे उभे राहून हुकूम देतात ते कळतं.

माझ्या मुलीला दलात जायचंय. मुलींना घेतात का?

घेतात, गेली काही वर्षं मुंबईत फायरवुमन आहेत. धावणं, उंचावरून उडी मारणं, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन पळणं अशा चाचण्या असतात, तेव्हा तयारी आधीपासून हवी. अधिकारी व्हायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथून पदवी घेतलेली पहिली मुलगी हर्षिनी कान्हेकर नागपूरचीच.

बंब येईपर्यंत आम्ही काय करायचं?

लिफ्ट वापरू नका. ज्या घरात आग आहे त्याचं दार बाहेर पडताना ओढून घ्या, कुलूप नको. गॅस आणि मेन स्विच हाताशी असेल तरच बंद करा. धूर असेल तर वाकून चाला. जिन्यात धूर भरला असेल तर उतरू नका, घरात परत जा, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबा आणि खिडकीतून दिसाल असे उभे राहा.

आणि एक माणूस गेटवर पाठवा. त्याला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: आग कितव्या मजल्यावर, कोण कुठे अडकलंय, आणि पंप रूम, गच्ची, मीटर रूम यांच्या किल्ल्या कुठे आहेत. आमच्या किल्ल्या पूर्वी माझ्या घरी असायच्या, अकराव्या मजल्यावर. आता वॉचमनच्या केबिनमध्ये लाल दोरीला टांगल्यात.